पायखान्याचं जहाज

मामंजींनी मला पहिला प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांच्या ताटात पिठलं वाढत होते. लग्न नुकतंच झालेलं. पदर कपाळाखाली ओढलेला, नजर पळीवर. शेजारच्या पाटावर त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमच्या गावचे पाटील, जेवायला बसलेले. मामंजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "सूनबाई, तुमच्या माहेरी बायका परसाकडं कुठं जातात?"

ताटात पडायचं पिठलं पाटावर पडलं.

"अरे, जेवताना?" थोरले मामंजी ओरडले. "अन् सुनेला?"

"मग कुणाला विचारू? तुला ठावं हाय का?" मामंजी शांतपणे म्हणाले. "दिवसा लागली तर काय करतात? पावसात काय करतात? आजारी बाई कुठं जाती? कुणालाच ठावं न्हाई. म्हणून विचारतोय."

मी पळी तशीच घेऊन आत पळाले. चुलीपुढं माझ्या सासूबाई बसल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. मला वाटलं, त्या तरी संतापतील, नवऱ्याच्या नावानं कपाळाला हात लावतील. त्यांनी काहीच केलं नाही. मान आणखी खाली घातली आणि तव्यावरची भाकरी उलटली. बाहेरून आवाज आला, "सावकाश सांगितलं तरी चालंल, सूनबाई!"

ते जाऊन आता किती तरी वर्षं झाली. त्यांचं ते जहाज तर त्यांच्याही आधी एका पुरात वाहून गेलं. पण मामंजींची आठवण निघाली की माझी पहिली भावना अजून तीच असते, पळी हातात घेऊन पळण्याची. त्या घरात मी जितक्या वेळा थक्क झाले, घाबरले, लाजेनं अर्धमेली झाले, तितक्या वेळा पुढच्या सगळ्या आयुष्यात झाले नाही.

मामंजी निजामाच्या तामीरात खात्यात ओव्हरसियर होते. पूल, सडका, सरकारी इमारती हे त्या खात्याचं काम. उभा जन्म त्यांचा मोऱ्या बांधण्यात आणि पुलांच्या भेगा शोधण्यात गेला. पेन्शनीत आल्यावर ते आपल्या गावी, गेवराईच्या वरच्या अंगाला गंगेकाठी येऊन राहिले. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. घर नदीच्या उंच काठावर, आणि मागच्या दारापासून पाण्यापर्यंत आमचंच शेत.

नोकरी सुटली तरी मुआयना, म्हणजे तपासणी, सुटली नव्हती. कुठलीही वस्तू पुढं आली की ते बोटाच्या पेरांनी तिच्यावर ठोकून बघत आणि कान लावून ऐकत. भिंत, रांजण, दाराची चौकट, विकायला आलेलं कलिंगड, एकदा तर पाठदुखीची तक्रार करणाऱ्या कुलकर्ण्याची पाठ. "खराबी कुठं हाय ते खराबीलाच विचारायचं," हे त्यांचं पालुपद. बिघाड सापडला की चेहरा असा खुलायचा, जणू हरवलेला नातलग भेटला. मात्र बिघाड त्यांच्या हातून झाला असेल तर ते कधीही कबूल करत नसत. "मामला फिरला," एवढंच म्हणत.

माझी चूल धूर करायला लागली तेव्हा ते कुणाला न विचारता थेट स्वैपाकघरात आले. आमच्यात पुरुष त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत, सासरा तर नाहीच. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. त्यांनी फेटा काढून माझ्या हातात दिला, जमिनीवर पालथे पडले आणि डोकं चुलीत घातलं. आतूनच म्हणाले, "सूनबाई, चुलीचं तोंड वाऱ्याकडं केलंय कुणी? गाढवानं?" चूल आत्याबाईंनी घातलेली होती. त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या. काळंकुट्ट तोंड बाहेर आलं, त्यांच्याकडं बघून क्षणभर थांबलं, आणि म्हणालं, "मामला फिरला."

तर असा माणूस एके दिवशी मुंबईला जाऊन येतो म्हणून गेला आणि शिडाची नाव घेऊन आला.

विलायतेला परत चाललेल्या कुणा गोऱ्या साहेबाची ती नाव. मुंबईच्या बंदरात फिरायला वापरायची. ती आगगाडीवर चढवून त्यांनी जालन्याला आणली आणि तिथून बैलगाड्या एकमेकींना बांधून, वाटेतल्या ओढ्यांत फळ्या टाकत, गंगेवर आणली. गावात बातमी आधीच पोचली होती. सगळा गाव काठावर जमला. पांढरा रंग, पितळी कड्या, उंच डोलकाठी, आत बसायला लाकडी खोली. गंगेत आमच्या कोळ्यांच्या होड्या होत्या, पण असलं काही कुणी बघितलं नव्हतं. मामंजी तिला जहाज म्हणत.

खोलीच्या पुढच्या टोकाला एक कपाटाएवढं दार होतं. ते उघडून मामंजींनी आत एक चिनी मातीचं भांडं दाखवलं. पांढरंशुभ्र, आतून निळी फुलं काढलेली, वर चकचकीत लाकडाची कड, बाजूला पितळेचा पंप. नव्या वस्तूला हळदकुंकू वाहायला आलेल्या गावातल्या एका म्हातारीनं नावेला वाहिलं, सुकाणूला वाहिलं, डोलकाठीला वाहिलं. मग वाकून त्या भांड्यालाही दोन बोटं कुंकू लावलं.

"लई देखणं हाय," ती म्हणाली. "कशाचं हो?"

"पायखाना हाय," मामंजी म्हणाले.

म्हातारीनं हात असा मागं घेतला की कोपर फळीवर आपटलं. ती तशीच काठावर उतरली आणि लुगड्यासकट गंगेत बुडी मारून घरी गेली. लोक एकमेकांकडं बघायला लागले. ज्या खोलीत बसायचं, जेवायचं, तिथंच हातभर अंतरावर पायखाना! मामंजींना वाटलं, लोकांना त्याची रचना समजली नाही म्हणून ते गप्प आहेत. त्यांनी मुळ्याचा पाला मागवला, भांड्यात टाकला आणि पंपाचा दांडा खालीवर केला. नदीचं पाणी आत आलं, पाला गरगर फिरून दिसेनासा झाला आणि नावेच्या दुसऱ्या बाजूला पाण्यावर वर आला.

"बघितलं?" मामंजी म्हणाले. "एका तोटीतून गंगा आत येती, दुसऱ्या तोटीतून सगळं बाहेर जातं."

"बाहेर, म्हणजे गंगेत?" थोरल्या मामंजींनी विचारलं. "ज्या पाण्यानं आपण देव धुतो त्या पाण्यात?"

"दादा, रोज पहाटं अख्खं गाव काठावर बसतं. पाऊस पडल्यावर ते कुठं जातं? बीडला?"

कुणी हसलं नाही. मामंजी आपलं समजावत राहिले, की घाटाजवळ तोट्या बंद, गावं मागं पडल्यावर भर धारेतच दांडा हलवायचा. थोरल्यांनी ते ऐकलंच नाही. "आजपासून तुझ्या घरचं पाणी मला चालणार न्हाई," एवढं म्हणून ते काठ चढून गेले. आणि खरंच, त्या दिवसापासून ते आमच्याकडं घोटभर पाणी प्यायले नाहीत. पाटलांनीच पाणी सोडल्यावर गावाचं काय! आमच्या अंगणात येणं लोकांनी बंद केलं. पोरं नावेकडं बोट दाखवून 'पायखान्याचं जहाज' म्हणून ओरडत आणि पळून जात. माझे यजमान बीडला कचेरीत होते, सणावारालाच घरी येत. त्यांच्याही कानावर ते नाव गेलं होतं. त्यानंतरच्या सणाला ते आले तेव्हा वडलांशी एक शब्दही बोलले नाहीत.

मामंजींना यातलं काही दिसत होतं की नाही कोण जाणे. ते त्या पंपात बुडाले होते. गाडीतल्या धक्क्यांनी आणि उन्हानं आतली चामडी वाळली होती. कधी दांडा हलका जायचा आणि पाणीच यायचं नाही. कधी पाणी यायचं पण जायचं नाही. रोज ते नावेत जात आणि तो पायखाना स्वतः वापरून बघत. "वापरल्याबिगर खराबी कळत न्हाई," असं ते मला चहा पिता पिता सांगत. मी कपबशी उचलून आत जायची.

एक दिवस दांडा गच्च अडकला. मामंजींनी पंप सोडवला, खांद्यावर घेतला आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत घरी आणून ओट्यावर ठेवला. धोतराचा काचा मारला आणि पान्यानं पेच खोलायला सुरुवात केली. त्यातून काय काय बाहेर येत होतं ते मी सांगत नाही. मी पदर नाकाला लावून दारातून बघत होते. थोरल्या मामंजींनी गेवराईच्या मेहतराला बोलावणं धाडलं होतं. तो बिचारा धावत आला आणि अंगणाच्या टोकाला उभा राहिला.

"तू घरी जा," मामंजी त्याला म्हणाले. "घाण मी केली, मीच काढतो."

त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आम्हाला किळस वाटत होती, पण तो घाबरला होता. तो खाली बसला आणि हात जोडून म्हणाला, "सरकार, असं करू नका. पाटील मला मारतील. म्हणतील, तू असताना मालकानं हात घातलाच कसा."

मामंजींचा हात थांबला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी राखेनं कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, आणि त्या माणसाला बरोबर घेऊन थोरल्यांच्या दारापुढून चालत गेले. दारापाशी थांबून मोठ्यानं म्हणाले, "दादा, ह्याला मीच परत धाडलाय. ह्याला बोट लागलं तर पंप तुझ्या ओट्यावर आणून खोलीन." मग गेवराईची वाट लागेपर्यंत ते त्याला सोडून आले आणि परत येऊन कामाला बसले.

थोड्या वेळानं पंपाच्या नळीतून त्यांनी काहीतरी ओढून काढलं. चिंधी होती. धुऊन उन्हात धरल्यावर कळलं, जुन्या लुगड्याची, चौघडी घडी घालून टाके मारलेली. मामंजी तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मला हाक मारली. या खेपेला आवाज एकदम हळू होता.

"सूनबाई, आत सांग. कापड टाकायचं न्हाई. बाकी सगळं चालतं."

मला आधी काही समजेना. मग समजलं आणि मी ओट्यावरच उभी राहिले. आमच्या घरात लुगडं नेसणाऱ्या दोघीच. मी त्या नावेत पायही ठेवला नव्हता.

आत्याबाई! ज्या देवळातही जात नसत, हळदीकुंकवाला जात नसत, अंगणातसुद्धा क्वचित येत, त्या आत्याबाई मागच्या दारानं, उभ्या तुरीतून वाकत वाकत, भर दुपारी एकट्या नावेवर जात होत्या.

मी निरोप सांगितला तेव्हा त्या धान्य निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "कळलं का त्यांना." मग मला जवळ बसवून त्यांनी जे सांगितलं ते आजवर कुणीच मला सांगितलं नव्हतं. शेवटचं मूल पोटातच गेलं. बाळंतपण फार अवघड झालं, आणि तेव्हापासून त्यांना लघवी धरताच येत नव्हती. हसलं तरी, खोकलं तरी, चार पावलं जोरात चाललं तरी. त्या घड्या त्यासाठी. रोज धुवायच्या, कुणाला न दिसतील अशा वाळवायच्या. कुणाच्या घरी बसायची सोय नाही, उठले आणि मागं ओलं दिसलं तर? गाडीत पुरुषांसमोर दिवसभराचा प्रवास कसा करायचा?

"म्हणून तुमी वन्संकडं कधी गेलाच न्हाई?" मी विचारलं.

वन्सं म्हणजे माझी नणंद, त्यांची एकुलती एक लेक. ती नदीच्याच काठी, खालच्या अंगाला दूरच्या गावात दिलेली होती. तिच्या लग्नाची हकीकत गावात अजून हसत सांगत. वऱ्हाड येऊन बसलेलं असताना मामंजींनी मांडवाच्या खांबावर ठोकून बघितलं, आवाज पसंत पडला नाही, म्हणून हलवून बघितलं, आणि सगळा मांडव वरपक्षाच्या डोक्यावर आला. लोक हसत, पण पुढचं सांगत नसत. व्याह्यांनी त्याला अपमान मानला. सून नेली ती नेलीच, माहेरी एकदाही धाडली नाही. पहिल्या बाळंतपणालाही नाही.

"त्यांनी मांडव पाडला, अन् लेक मला तुटली," आत्याबाई म्हणाल्या. "तिला येऊ देत न्हाईत, अन् मला जाता येत न्हाई. एकदा मी यांना बोलले, आता मी लेकीचं तोंड न बघताच मरणार. तर हे काहीच बोलले न्हाईत. मुंबईला निघून गेले."

मी बाहेर बघितलं. मामंजी ओट्यावर बसून चामड्याची नवी झडप कापत होते. तोंडानं शीळ घालत होते.

कार्तिक संपता संपता आम्ही वन्संच्या गावाला निघालो. नावेत मामंजी, आत्याबाई, मी आणि शीड सांभाळायला सटवा कोळी. काठावर निरोप द्यायला कुणी नव्हतं. नदी भरून वाहत होती, पाणी निवळलेलं, आणि वारा मंद. आत्याबाई खोलीत एका कोपऱ्यात अंग चोरून बसल्या. निघण्याआधी मामंजींनी पंप दहादा हलवून बघितला होता. नवी चामडी, नवे पेच. "आता मामला पक्का हाय," ते म्हणाले.

पहिले काही कोस इतके सुखाचे गेले की मला विश्वास बसेना. आत्याबाई दोनदा आत जाऊन आल्या. दुसऱ्यांदा बाहेर आल्या तेव्हा खिडकीशी बसल्या आणि काठावरची गावं बघायला लागल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर थोडा मागं सरकवला होता. मी त्यांचे केस पहिल्यांदा बघितले.

दुपारी नदी वळली आणि वारा बाजूनं आला. शीड फुगलं, नाव एका अंगाला कलली. मामंजी खूष झाले. सटव्याला म्हणाले, "सोडू नको! पळू दे!" आत्याबाई धरत धरत आत गेल्या आणि दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

बराच वेळ झाला, त्या बाहेर आल्या नाहीत. मी फळीवर पाय टेकवला तर पाऊल ओलं झालं. दाराखालून पाणी येत होतं. पाण्यात घाण होती.

"मामंजी!" मी सासऱ्याला तोंडानं हाक मारलेली ती पहिलीच वेळ.

ते खाली आले, पाणी बघितलं. मग धावत जाऊन दारावर थाप मारली. "काय झालंय? दार उघड!"

त्यांनी कडी हलवून बघितली.

"अगं, भांड्यातून नदी आत यायलीय! नाव बुडंल! दार उघड!"

"न्हाई," आत्याबाईंचा आवाज आला. बारीक, पण ठाम. "तुमी जा."

"पाणी किती हाय आत?"

"पोटऱ्यांपर्यंत."

पोटऱ्यांपर्यंत पाणी चढलं तरी त्यांनी हाक मारली नव्हती! मी दाराला तोंड लावून म्हणाले, "आत्याबाई, मी एकटीच येते. बाकी कुणी न्हाई."

"तू बी नको. सगळी घाण अंगावर आलीय. मला कुणी बघायचं न्हाई."

मामंजी वर ओरडले, "सटव्या, शीड उतरव! नाव सरळ कर!" शीड धपकन खाली आलं, नाव सरळ झाली, पण आता पाण्याच्या वजनानंच ती खाली बसली होती. दाराखालचा ओघ थांबेना. मामंजींनी कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

"बाजूला हो, दार फोडतो."

"फोडा," आत्याबाई आतून म्हणाल्या. "पर ते दार मोडलं तर मी घरी परत यायची न्हाई. गंगेतच ऱ्हाईन."

त्या शांतपणे बोलत होत्या म्हणून मला जास्त भीती वाटली. मामंजींनी कुऱ्हाड उगारलेली होती. पायाखाली पाणी. वरून सटवा ओरडत होता, "मालक, काठ लांब हाय, मला एकट्याला वल्हवून न्यायला जमायचं न्हाई!" मी मामंजींच्या तोंडाकडं बघत होते. आता ते घाव घालतील, याबद्दल मला शंकाच नव्हती. कुठल्याही पुरुषानं घातला असता.

त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली. पाण्यात गुडघे टेकून दाराला कान लावला आणि म्हणाले, "अंबू."

मी दचकले. त्या घरात मी कुणालाच त्यांचं नाव घेताना ऐकलं नव्हतं. आत्याबाईंचं नाव अंबू आहे हे मला त्या क्षणी कळलं. त्या काळी नवरा बायकोचं नाव उच्चारत नसे, चारचौघांत तर नाहीच, आणि इथं सून शेजारी उभी होती, वर कोळी ऐकत होता.

"अंबू, दार उघडू नको. मी सांगतो तसं कर. भांड्याच्या मागं दोन तोट्या हायत. हात घाल."

"दिसत न्हाई काही. पाणी काळं हाय."

"बघू नको. चाचपून बघ. पितळेच्या हायत."

आत पाण्याची चळबळ ऐकू आली. "सापडली एक."

"तिचा दांडा नळाच्या रेषेत हाय का आडवा?"

"रेषेत."

"आडवा कर."

"झाला."

"आता दुसरी. तिच्यातनंच पाणी यायलंय."

आत पाणी पुन्हा खळबळलं. मग दबका हुंदका आला. "हलत न्हाई. गच्च हाय. माझ्यात ताकद न्हाई."

"तांब्या हाय का आत?"

"हाय."

"तांब्यानं ठोक. दांड्याच्या टोकाला."

ठण्. ठण्. पाण्याखालचे घाव, बोदे, दमलेले. मामंजी कपाळ दारावर टेकून बसले होते आणि प्रत्येक घावाला त्यांचे खांदे हलत होते. पाणी माझ्या गुडघ्याला लागलं. मी रडत होते हे मला नंतर कळलं.

"अवो," आतून धापा टाकत आवाज आला, "ही खराबी झाली कशी? सकाळी तर नीट होतं."

मामंजींनी डोळे मिटले. मी ऐकलं ते असं: "चामडं मी उलटं बसवलं, अंबू. गुळगुळीत बाजू पितळेला लागाय पायजे, मी खडबडीत लावली. सरळ नावेत ते कळलं न्हाई, नाव कलल्यावर झडप बसली न्हाई. माझं चुकलं." थोडं थांबून ते पुन्हा म्हणाले, "मांडवाचं बी माझंच चुकलं."

आणि मग एक असा घाव बसला की पंपासकट दार हादरलं. पाठोपाठ दुसरा. तिसरा.

"आडवा झाला," आत्याबाई म्हणाल्या.

दाराखालचा ओघ मंदावला, मग थांबला. मी आणि मामंजी घागरी घेऊन पाणी उपसायला लागलो. सासरा आणि सून शेजारीशेजारी वाकून, पदर कुठं आणि फेटा कुठं याचं भान नाही. सटवा वर वल्हं मारत होता. त्यानं एकदाही खाली बघितलं नाही. नाव हलकी झाल्यावर मामंजी त्याच्याशेजारी जाऊन दुसरं वल्हं धरून बसले, दाराकडं पाठ करून. तेव्हा कुठं कडी निघाली.

आत्याबाईंना मी नदीच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. त्यांच्या हातांची साल निघाली होती, तांब्याला पोचे पडले होते. कोरडं लुगडं शिल्लक नव्हतं, सगळं गाठोडं भिजलं होतं. पिळून तेच नेसवलं. त्या थरथरत होत्या, पण रडत नव्हत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ऐकलंस का, काय म्हणाले?" मी होकाराची मान हलवली. "म्हणजे तू बी ऐकलंस. मला वाटलं, मला भास झाला."

दिवस बुडायच्या आधी वन्संचं गाव दिसायला लागलं. घाटावर बायका धुणं धूत होत्या. पांढरं जहाज बघून त्या उभ्या राहिल्या, कुणीतरी वर पळालं. नाव टेकल्यावर मामंजी उतरले नाहीत. एरवी कुठंही सगळ्यांच्या पुढं घुसणारा तो माणूस सुकाणूला धरून उभा राहिला आणि आत्याबाईंना म्हणाला, "तू जा पुढं. मी आलो तर व्याही पुन्हा बिघडतील."

आत्याबाईंनी माझा हात सोडला आणि एकट्या पायऱ्या चढायला लागल्या. भिजलेलं लुगडं अंगाला चिकटलेलं, केस मोकळे, हातांना चिंध्या बांधलेल्या. मागं ओला माग पडत होता, पण तो कशाचा हे विचारायला कुणाला उसंत नव्हती. वरून एक बाई धावत आली. कडेवर मूल होतं. ती वन्सं हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं, तो मामंजींचाच होता. आईला तसं ओलीचिंब, मोकळ्या केसांनी, न कळवता आलेली बघून त्या अर्ध्या वाटेत थांबल्या. तोंड पांढरंफटक पडलं. असं कुणी दारात आलं की त्याचा एकच अर्थ होतो, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं.

"आई," त्या किंचाळल्या, "कोण गेलं? सांग ना, कोण गेलं गं?"

आत्याबाई वरच्या पायरीवर पोचल्या होत्या. त्यांनी लेकीच्या कडेवरचं मूल आपल्याकडं घेतलं आणि म्हणाल्या, "कुणी गेलं न्हाई. मी आले."